पूजेत मांडलेली चंदेरी बंदूक

तुम्ही कधी बंदूक मोडली आहे का?

खेळण्यातली असली तरी चालेल. मोडणं म्हणजे रागाने भिंतीवर आपटणं नव्हे. एकेक स्क्रू काढायचा, आतली स्प्रिंग बाहेर घ्यायची, छर्रा सुटण्याची सोय कायमची बंद करायची आणि मग उरलेल्या सांगाड्याचं असं काहीतरी करायचं की पोलिसालासुद्धा ती बंदूक वाटू नये. हे काम मी केलेलं आहे. नव्वदच्या दशकाचा मध्य होता, मी कराडात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि दिवसातलं माझं पहिलं वाक्य बहुतेक वेळा डबेवाल्या मावशींशी व्हायचं. पुष्कळदा शेवटचंही.

माझं घर सांगलीचं. आबा, म्हणजे माझे वडील, एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. संध्याकाळी मालकाच्या परवानगीने तिथेच चळवळीची पत्रकं छापायचे. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर, शाई ओली असतानाच. दारूबंदी, हुंडा, पाणवठा, अंगारे-धुपारे, एकेक विषय मला बाराखडीसारखा पाठ होता. एक पत्रक दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलांवर होतं. मुलांच्या हातात शस्त्र देऊ नका, असं त्यात ठळक टाइपात होतं. आमच्या घरात त्यामुळे कधी पिस्तूल आलं नाही. देव तर त्याच्याही आधीच गेले होते. आम्ही बौद्ध. आजोबांनी धर्मांतर केलं त्या वर्षी घरातले देवांचे टाक कृष्णेत सोडले. दसरा आमच्याकडे व्हायचा तो धम्मचक्र प्रवर्तनाचा, पांढरे कपडे घालून. त्याच्या आदल्या दिवसाला खंडेनवमी म्हणतात, हे मला कॅलेंडरवरून माहीत होतं.

कराडात मी ज्या घरात खोली घेतली ते एका काकींचं. त्यांचे यजमान फौजेतून निवृत्त होऊन वारलेले, मुलगाही फौजेत, ईशान्येकडे कुठेतरी. घरात त्या एकट्याच. शिलाईमशीन चालवायच्या, गावाकडे थोडा ऊस होता. खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. मी आडनाव सांगितलं आणि न विचारलेलंही सांगून टाकलं. लपवून मिळालेल्या छपराखाली मला झोप लागली नसती. काकींनी जरा वेळ हातातली टीप उसवली आणि म्हणाल्या, "खोलीला बाहेरनं दार हाय. तवा अडचण न्हाई."

बाहेरून दार होतं हे खरं. आतून त्यांच्या घरात उघडणारं दारही होतं, त्याला त्यांच्या बाजूने कडी होती. चहा त्या खिडकीतून द्यायच्या. कप वेगळा होता, आणि तो मी धुऊन खिडकीतच ठेवायचा, हे न बोलता ठरलं. त्या वाईट होत्या असं मी लिहिणार नाही. मला ताप आला तेव्हा त्यांनी खिडकीतून पेज दिली, आणि ती प्यायले की नाही हे बघायला ताटकळत उभ्या राहिल्या. खिडकीपाशी.

कॉलेजात वर्गात मुली मोजक्या. त्यातल्या बहुतेक वसतिगृहात, त्यांचा आपसात घरोबा. मी वादविवाद स्पर्धेत बोलायचे, म्हणजे लोक मला ओळखायचे. पण ज्या मुलीशी बोललं की ती वाद घालते, तिच्याबरोबर कोणी कँटीनला जात नाही. म्हणून नाटकवाल्यांनी एकांकिकेसाठी माणसं हवीत असा कागद लावला तेव्हा मी गेले. गोष्ट भविष्यातली होती. एका परग्रहावर पाण्याची एकच टाकी, आणि ती राखणारे पहारेकरी. लिहिणारा आणि बसवणारा तिसऱ्या वर्षाचा मुलगा होता. त्याने मला पहारेकरी क्रमांक दोन केलं. संवाद नाही. टाकीजवळ उभं राहायचं आणि शेवटी हातातलं हत्यार खाली टाकायचं. त्याची अट एकच होती, ज्याचं हत्यार त्याने आणायचं, आणि ते पुठ्ठ्याचं वाटता कामा नये.

स्पर्धा सांगलीत होती, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. मी आबांना कळवलं. आबा नाटकाला कधी जात नसत. यायचं म्हणाले.

हत्यार मिळालं ते काकींच्याच घरात. मागच्या सुट्टीत त्यांच्या मुलाने सीमेवरच्या बाजारातून एक पिस्तूल आणलं होतं. बारीक गोल प्लॅस्टिकचे छर्रे उडवणारं, काळं, वजनदार, थेट खऱ्यासारखं. पोरगा गंमत म्हणून त्या पिस्तुलाने टाकीवरचे कावळे उडवायचा. मी नाटकाचं सांगितलं तेव्हा काकींनीच ते कपाटातून काढून खिडकीतून दिलं. "ने की. नुसतं पडूनच हाय. तो आला की दुसरं आणंल."

मी ते हातात घेतलं आणि पहिली भावना आली ती शरमेची. आबांचं पत्रक आठवलं. मग मी स्वतःलाच उत्तर दिलं, की मी बंदूक बाळगत नाही, बंदूक निकामी करते आहे. एकटं राहणाऱ्या माणसाला स्वतःशी वाद घालायची सवय लागते आणि तो जिंकायचीही.

त्यानंतरचे आठवडे माझे सगळ्यात चांगले गेले. पिस्तुलाचे दोन भाग उघडताना स्प्रिंग उडून पलंगाखाली गेली. ती काढली आणि ठेवून दिली, पुन्हा बसवली नाही. छर्ऱ्यांच्या जागी पेन्सिल सेल बसवले. ट्रिगरमागे टॉर्चचं बटण लावलं, नळीच्या तोंडाशी बल्ब, त्यावर लाल जिलेटिन कागद. काळी नळी हॅक्सॉच्या पात्याने अर्धी कापली आणि तिच्यावर लाइट फिटिंगच्या पाइपाचा जाड तुकडा चढवला. त्याच्या टोकाला पावडरच्या डब्याचं भोकाभोकांचं झाकण. वर दुर्बीण हवी म्हणून संपलेल्या स्केचपेनच्या नळ्या. टूथपेस्टचं टोपण फिरवायची कळ झालं. फटी भरायला प्लंबर गळक्या नळाला लावतात ती दोन रंगांची कणीक मळून घेतली, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासली. बोटांची कातडी गेली. त्या दिवसांत मला कुणी "काय करतेस गं?" असं विचारलं असतं तर मी तासभर सांगितलं असतं.

विचारलं ते फक्त दूधवाल्याने. खिडकीच्या कट्ट्यावर सुटे भाग पसरले होते, ते बघून त्याने किटली खाली ठेवली आणि दोन्ही हात वर केले. काकी आतून म्हणाल्या, "आवं, ती कुणाला मारती! पोरीनं आदीच बंदुकीचा जीव काढलाय." मी हसले, काकीही हसल्या. त्या घरात आम्ही दोघी एकदम हसलो ती पहिली वेळ.

हसण्याचे ते दिवस लवकरच संपले. काकींच्या मुलाचा फोन यायचा तो कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर, ठरलेल्या वारी. नवरात्र बसलं आणि फोन आला नाही. पुढच्या वारीही आला नाही. काकी बूथवर जाऊन बसायच्या आणि परत येऊन मशीन चालवायच्या, कापड नसलं तरी. मी खिडकीतून विचारलं की त्यांच्या पलटणीच्या पत्त्यावर तार करू का. त्या म्हणाल्या, नको, तारेचं भ्या वाटतं.

अष्टमीला संध्याकाळी मी बंदुकीला शेवटचा हात दिला. लोखंडी फाटकाला मारतात तो चंदेरी ऑइलपेंट. तो सुकायला वेळ घेतो. सकाळी उठून बघितलं तर चिकट होता, म्हणून मी ती अंगणातल्या कठड्यावर उन्हात ठेवली आणि डबा आणायला गेले. आम्हाला सांगलीला स्पर्धेला नेणारा टेम्पो कॉलेजपासून निघायला अजून अवकाश होता.

परत आले तर कठडा रिकामा.

आधी वाटलं पोरांनी नेली. मग आतून उदबत्तीचा वास आला. आतल्या दाराची कडी त्या दिवशी निघालेली होती, बहुधा कामाच्या धांदलीत, आणि दार अर्धं उघडं होतं. समोर देवाची खोली. पाटावर तांदूळ पसरले होते. त्यावर कोयता, खुरपं, कात्री, मशीनच्या सुया, यजमानांचा फौजेतला पट्टा, आणि या सगळ्यांच्या मधोमध माझी बंदूक. नळीच्या तोंडात झेंडूचं फूल खोचलेलं. ओल्या रंगावर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली.

खंडेनवमीला शस्त्रं पुजतात हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. त्या दिवशी अंगणात हत्यार ठेवलं तर ते पूजेसाठीच ठेवलं असं समजतात, हे ठाऊक नव्हतं. आणि काकींनी मागच्या वर्षीही तेच पिस्तूल पुजलं होतं, हे मला मागाहून कळलं. खरी रायफल पोराकडे, तिकडे. घरात त्याच्या हातची शस्त्रासारखी वस्तू तेवढीच. तिचं रूप पार बदललंय याची त्यांना फिकीर नव्हती. कशी का दिसेना, त्याची होती. ओला रंग त्यांच्या बोटांना लागला होता. पदराला पुसलेलं दिसत होतं.

मी उंबऱ्यापाशी उभी राहून म्हटलं की टेम्पो निघेल, बंदूक द्या. त्यांनी मान हलवली. मांडलेली पूजा दसऱ्याला सोनं लुटल्यावर हलवायची, त्याच्या आधी हत्याराला हात लावायचा नाही, कोयत्यालाही नाही, कात्रीलाही नाही. "पोरगं तिकडं हाय," त्या म्हणाल्या.

माझ्याकडे मुद्दे होते. लहानपणापासून जमवलेले, धारदार, एकापाठोपाठ एक. शेकडो मैलांवरच्या गोळीचा या तांदळाशी संबंध काय? आणि त्याहून मोठा एक मुद्दा माझ्या घशाशी येऊन उभा होता. मी त्या उंबऱ्याच्या बाहेर होते. इतक्या महिन्यांत तो ओलांडला नव्हता. माझ्या कातडी गेलेल्या बोटांनी केलेली वस्तू आत देवांच्या रांगेत बसली होती आणि मी बाहेर पायरीवर.

काकी पाणी आणायला मोरीकडे गेल्या. खोलीत कोणी नव्हतं. हात लांब केला असता तर बंदूक मिळाली असती. मी केला नाही. चोरून मला आत जायचं नव्हतं. त्या परत येईपर्यंत मी थांबले.

"काकी," मी म्हटलं, "बंदूक आत आणि ती करणारी बाहेर. हे कसं? मी आत येते. तुमच्यासमोर उचलते."

त्या तांब्या धरून उभ्या राहिल्या. माझ्याकडे नीट बघितलं त्यांनी, खिडकी मध्ये नसताना.

"मला तुज्यासारखं बोलाय येत न्हाई, पोरी. मला भ्या वाटतं. आज नगं. उद्या ये."

भीतीवर माझ्याजवळ मुद्दा नव्हता. अन्यायावर होता, अज्ञानावर होता, पुरोहितांवर तर होताच. मी डबा तिथेच ठेवला आणि रिकाम्या हाताने कॉलेजकडे निघाले.

टेम्पोत चढताच, एकांकिका बसवणाऱ्या मुलाने विचारलं, हत्यार कुठंय. मी सांगितलं, पूजेत आहे. सगळे हसले. मला वाटतं त्यांना मी विनोद केला असं वाटलं. "मग तू काय हात दाखवून पाणी राखणार का गं?" तो म्हणाला, आणि पुन्हा हसले. पुठ्ठ्याचं करून देते म्हटलं. तो म्हणाला, नको, परीक्षक पुढेच बसतात. वाटेत आष्टा गाव आल्यावर तो मागे वळून, तसं चांगल्या सुरातच, म्हणाला की एक पहारेकरी पुरे, तू पडदा सांभाळ.

मी पडदा सांभाळला. विंगेतून टाकी दिसत होती, आणि तिच्या उजव्या बाजूची जागा, जिथे मला उभं राहायचं होतं. एकांकिका छान झाली. शेवटी पहिल्या पहारेकऱ्याने हत्यार खाली टाकलं, टाळ्या पडल्या. दुसरा पहारेकरी नाही हे कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. मी पडदा ओढला.

आबा बाहेर उभे होते, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. आम्ही घाटाकडे चालत गेलो. त्यांनी वाटेत भडंगाचा पुडा घेतला, पण उघडला नाही. नदीकडे बघत ते म्हणाले, "शेजारी एक गृहस्थ बसले होते. माझी मुलगी आहे यात, असं मी त्यांना सांगून बसलो. ते विचारत होते, कुठली? मी म्हटलं, येईल आता."

मी त्यांना सगळं सांगितलं. पूजा, उंबरा, बोटं. मला वाटलं आबांना तरी कळेल. त्यांचा चेहरा लाल झाला.

"उचलून आणायची होतीस."

"मी विचारलं त्यांना, आबा. तोंडावर विचारलं."

"विचारायचं कशाला? आम्ही पाणवठ्यावर विचारून गेलो होतो का?"

"त्या घाबरल्या आहेत. पोराचा फोन नाही."

"आणि तुझं काय?" आबा म्हणाले. "तुझं कोण बघणार?"

हे ते रागानेच म्हणाले, पण म्हणता म्हणता त्यांनी पुडा माझ्या हातात दिला. उद्या आपला दिवस आहे, घरी राहा, बरोबर विहारात जाऊ, असंही म्हणाले. मी नाही म्हटलं. मला त्यांच्या शेजारी पांढऱ्या साडीत उभं राहून मनातल्या मनात भांडायचं नव्हतं. टेम्पोतून सगळ्यांबरोबर कराडला आले. परतीच्या वाटेवर ते गाणी म्हणत होते. मला शब्द येत होते, सूर लावला नाही.

एका बाजूला काकी, दुसऱ्या बाजूला आबा. एकीला मी उंबऱ्यापर्यंत आले हेच फार झालं होतं, दुसऱ्याला मी उंबऱ्यावरच थांबले हे कमी पडलं होतं. मी जिथे उभी होते तिथे तिसरं कोणी नव्हतं.

दसऱ्याला सकाळी मी पांढरी साडी नेसले, खोलीतल्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. एकटीने म्हटली की आपलाच आवाज अनोळखी वाटतो. कॉलेजला सुट्टी, खानावळ बंद. दुपार उलटल्यावर आतल्या दाराची कडी वाजली. काकी उभ्या होत्या, हातात आपट्याची पानं. ती त्यांनी माझ्या हातात दिली, वरून टाकली नाहीत, दिली. मग बाजूला सरकल्या.

"पूजा हलवलीया. जा, तुजं तूच घे उचलून."

मी आत गेले. फरशी थंड होती. खोली लहान होती, बाहेरून वाटायची त्याहून लहान. मी झेंडूचं फूल काढून पाटावर ठेवलं आणि बंदूक उचलली. रंग सुकला होता आणि हळद त्यात कायमची बसली होती; तांदळाचे दाणेही खालच्या बाजूला चिकटले होते. काकी दारातून बघत होत्या.

"पेटती व्हय ती?" त्यांनी विचारलं.

मी ट्रिगर दाबला. लाल उजेड पडला, देवांवर, कोयत्यावर, भिंतीवरच्या त्यांच्या यजमानांच्या फोटोवर. काकी म्हणाल्या, लय झाक केलीस. मग पुन्हा दाबायला लावला. मी दाबला. आम्ही दोघी तो बल्ब बघत उभ्या राहिलो, आणि आदल्या दिवशी हे झालं असतं तर, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

फोन त्यानंतरच्या आठवड्यात आला. पोरगा ठीक होता, दरड कोसळून वाट बंद झाली होती. काकींनी मला खिडकीतून पेढा दिला आणि पूजेचं फळ म्हणाल्या. तो फोन माझ्या पाइपाच्या तुकड्यामुळे आला नाही, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही लिहून देते. पेढा मी खाल्ला.

कॉलेज संपेपर्यंत मी त्याच खोलीत राहिले. बंदूक काकींनी मागून घेतली. त्यांच्या कपाटात असायची, खंडेनवमीला पाटावर यायची. मी दरवर्षी नवमीला उंबऱ्यापाशी जाऊन विचारायचे, "काकी, आत येऊ?" दरवर्षी त्या म्हणायच्या, उद्या ये. आणि दरवर्षी दसऱ्याला त्या खरंच आत घ्यायच्या. शेवटच्या वर्षी तर त्यांनी मला पाटाशेजारी बसवून बासुंदी वाढली. पण दसऱ्यालाच. नवमीला नाही.

म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या घरात, माडीवर, मागच्या खोलीत कोणी एकटी मुलगी भाड्याने राहत असेल, तर या खंडेनवमीला पूजा मांडायच्या आधी तिच्या दारावर थाप मारा. आडनाव विचारू नका, किंवा विचारलंच असेल तर विसरा. तिला आत बोलवा, तिच्या कामाची वस्तू तिच्याच हाताने पाटावर ठेवू द्या, नाही ठेवायची म्हणाली तर नुसतं बसू द्या आणि जेवायला वाढा. उद्या ये म्हणू नका.